त्या गुरुवारचा ताप

वहिनी, त्या गुरुवारी मला ताप नव्हता.

एवढं एक वाक्य बोलायला माझ्याकडे चार वर्षं होती. घाटकोपरच्या गॅलरीत, हॉस्पिटलच्या बाकावर, माझ्या लग्नात, माझ्या बाळंतपणात तू महिनाभर बोरिवलीला येऊन राहिलीस तेव्हा. एकदा तर मी अर्ध्यापर्यंत आले होते. आता तुझं तेरावं होऊन महिना होत आला. पोरगी झोपली आहे, दुपारचं ऊन ओट्यावर आलं आहे आणि मी एका जुन्या डायरीची कोरी पानं काढून तुला लिहायला बसले आहे. तू वाचणार नाहीस, म्हणूनच बहुधा हात चालतो आहे.

तू आमच्या घरात आलीस तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि जिभेवर काही ताबा नव्हता. पंतनगरच्या आमच्या इमारतीत पाणी तिसऱ्या मजल्यापर्यंत चढत नसे. सकाळी खालच्या नळावरून हंडे आणावे लागत. आई थकलेली, मी नोकरीची, म्हणून ते काम आपसूक तुझ्याकडे आलं. प्रत्येक वळणावर तू हंडा खाली ठेवायचीस, भिंतीला हात लावून उभी राहायचीस. मी वरून ओरडायचे, "वहिनी, पाणी जाईल गं, चल लवकर." तुला मी महाराणी म्हणायचे. शेजारणींनाही ते नाव आवडलं होतं. तूही हसायचीस, पण हसताना आवाज फुटायचा नाही, तोंड नुसतं उघडं राहायचं. त्याचीसुद्धा मी नक्कल करून दाखवायचे.

दोनदा तुला दिवस गेले, दोन्ही वेळा मूल अर्ध्यावर पडलं. आई म्हणायची, पोरीच्या अंगात कष्ट नाहीत. दादा गप्प बसायचा, आणि मी आईच्या बाजूने बोलायचे.

मग एका सकाळी मोरीत थुंकलीस त्यात रक्ताची रेघ दिसली. दादा तुला स्टेशनजवळच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला, मी सोबत होते. डॉक्टरांनी तुला डाव्या कुशीवर वळवून कितीतरी वेळ छातीला नळी लावून ऐकलं. मग विचारलं, लहानपणी गुडघे सुजायचे का, घसा धरून ताप यायचा का. तू म्हणालीस, हो, एकदा दोन महिने अंथरुणात होते, आजी शेक द्यायची. डॉक्टरांनी पाठकोऱ्या कागदावर हृदय काढलं आणि आतल्या एका झडपेवर पेन टेकवलं. त्या लहानपणच्या तापाने ही झडप जाड होऊन आखडली आहे, पुरती उघडत नाही, रक्त मागे फुफ्फुसात तुंबतं, म्हणून धाप लागते. इतकी वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, असं ते दादाकडे बघून म्हणाले. दादाने मान खाली घातली. मीही घालायला हवी होती.

परत येताना आपण तिघं चालत निघालो. भाजीवाल्यांपाशी आल्यावर तू म्हणालीस, "म्हणजे मी आळशी नव्हते तर."

आम्हाला टोचायला म्हणाली नव्हतीस तू. खरंच सुटल्यासारखी म्हणाली होतीस. मी पलीकडच्या दुकानातल्या पातेल्यांकडे बघत राहिले. तेव्हाच तुझी माफी मागायला हवी होती. ती पहिली राहिली, म्हणून पुढची राहणं सोपं गेलं असेल.

शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात चकरा सुरू झाल्या. झडप उघडून भागणार नाही, काढून धातूची बसवावी लागेल, असं ठरलं. चौऱ्याऐंशीतली तारीख मिळाली. तयारी म्हणजे काय काय असतं हे तेव्हा कळलं. आधी तुझे दात तपासले, दोन किडलेल्या दाढा काढल्या, कारण दातातला जंतू नव्या झडपेवर जाऊन बसतो म्हणे. मग व्यायामाच्या बाई तुला श्वास शिकवायच्या. पाण्याच्या बाटलीत नळीने फुंकर मारून बुडबुडे काढायचे. छातीशी उशी आवळून खोकायचं, म्हणजे ऑपरेशननंतर छातीचं जोडलेलं हाड दुखणार नाही. तू घरी उशी घेऊन सराव करायचीस आणि मला म्हणायचीस, "बघ, तुमची महाराणी खोकायला शिकते आहे." ते नाव तू विसरली नव्हतीस.

आणि रक्त. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ताज्या रक्ताच्या दोन बाटल्या तुझ्याच गटाच्या हव्या होत्या, बाकीच्या बदल्यात कुठल्याही गटाच्या चालणार होत्या. तुझा गट बी निगेटिव्ह, सहजासहजी न मिळणारा. घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं. दादाचं जुळलं नाही, तुझ्या भावाचं नाही. जुळलं ते माझं. तपासणाऱ्या बाईंनी विचारलं, सख्ख्या बहिणी का. परतीच्या बसमध्ये तू माझा हात मांडीवर घेऊन बसलीस. म्हणालीस, "तुझं रक्त अंगात आलं की मीपण तुझ्यासारखी भांडकुदळ होणार बघ." त्या दिवशी मी खूश होते. खोटं नाही सांगत.

मी मरोळच्या कंपनीत टेलिफोन बोर्डवर होते. आम्ही ऑपरेटर मुली एकमेकींना कधी न भेटता आवाजावरून ओळखायचो. जेवणाच्या सुट्टीत मी सगळ्यांना फोन लावले. जुहूची हॉटेलं, गोरेगावचे कारखाने, वांद्र्याची ऑफिसं. माझ्या वहिनीचं हार्टचं ऑपरेशन आहे, रक्त द्यायला माणसं हवीत, असं मी दिवसातून पन्नासदा बोलले असेन. माणसं मिळाली. निगेटिव्ह गटाचा एक गृहस्थ पण मिळाला. दुसरी मी. दादा सगळ्यांना सांगायचा, नंदाने एकटीने एवढं जमवलं.

त्याच सुमाराला अविनाशचं स्थळ आलं. याआधी मला दोघं बघून गेले होते आणि दोघांनी नकार कळवला होता. अविनाशचा थोरला भाऊ नागपूरहून त्या एकाच रविवारी येणार होता. तुझं ऑपरेशन त्याच्या आधीच्या शुक्रवारी. आई म्हणाली, पुढे ढकला. तूच हट्ट धरलास. माझ्यापायी नंदाचं अडवायचं नाही, तिचे काका आणि आई बसतील, मला काय, मी तर झोपलेलीच असणार, असं म्हणालीस.

बुधवारी तू हॉस्पिटलात होतीस, दादा तुझ्यापाशी. आई तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता तिच्या गावच्या बोलीत म्हणाली, "रगत दिलंस तर आयतवाराक तोंड उतारलेला दिसात."

तिने एक वाक्य टाकलं आणि पुढच्या कामाला लागली. तिला मी दोष देत नाही. ते वाक्य मी उचललं, रात्रभर जवळ ठेवलं आणि सकाळी घेऊन कामावर गेले.

ठरलं असं होतं की मी दोन तास बोर्डवर बसायचं आणि अकराला तिथून हॉस्पिटलला निघायचं. अकरा वाजले. बदलीची मुलगी येऊन पाठीमागे उभी राहिली. मी तिला म्हणाले, राहू दे, मी बसते. सुईची भीती वाटत होती असं मी स्वतःला सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण मला सुईची भीती नव्हती. मी सत्तावीस वर्षांची होते, मला लग्न करायचं होतं आणि त्या रविवारी मला चांगलं दिसायचं होतं. दुसरं काही नव्हतं. साडेअकराला मी तुझ्या वॉर्डात फोन लावला आणि सिस्टरला सांगितलं, वाटेत थंडी भरून आली म्हणून परत आले, अंगात ताप आहे, कंपनीच्या डॉक्टरांनी रक्त देऊ नका म्हटलं आहे. सिस्टरने रिसीव्हर बाजूला धरून निरोप मोठ्याने सांगितला. मला पलीकडून तुझा आवाज ऐकू आला. तू विचारलंस, "फार आहे का ताप? डोकं दुखतंय का म्हणावं."

मी फोन ठेवला. मग पाचपर्यंत दुसऱ्यांचे फोन जोडत बसले.

घरी आल्यावर चादर घेऊन पडले. आईने माझ्या कपाळाला हात लावला नाही. तिला कळलं असावं. शुक्रवारी सकाळी दादाचा निरोप आला, एक बाटली कमी पडली, ऑपरेशन तीन आठवडे पुढे गेलं. शनिवारी तू पिशवी घेऊन घरी आलीस. एकेक जिना थांबत थांबत चढलीस. मी वर दारात उभी होते आणि या वेळी काही ओरडले नाही.

रविवारी सकाळी तू मला समोर बसवून माझे केस विंचरलेस. हात वर धरून तुला दम लागत होता, म्हणून मध्येमध्ये कोपर माझ्या खांद्यावर टेकवायचीस. अंबाडा घातलास, गजरा माळलास, मग कपाळावरचे केस मागे सारताना तुझी बोटं तिथेच थांबली. म्हणालीस, "थंड आहे गं कपाळ."

मी म्हणाले, काल उतरला.

"हं," म्हणालीस, आणि कुंकवाची डबी पुढे केलीस.

पोहे झाले, चहा झाला. निघताना अविनाशची आई माझ्या आईला म्हणाली, मुलीचा चेहरा टवटवीत आहे. आठवड्याच्या आत होकार आला. तुझं ऑपरेशन पुढे गेलं आणि माझं लग्न जमलं, ते हे असं. अविनाश चांगला माणूस आहे, तुला माहीत आहे. माझा संसार सुखाचा आहे. हे लिहितानासुद्धा लाज वाटते.

त्या रविवारनंतरचा बारावा दिवस. संध्याकाळी दिवे लागले होते. तू पलंगाच्या कडेला पुढे वाकून बसली होतीस आणि तुला श्वास घेता येत नव्हता. ओठ निळे पडले, तोंडातून गुलाबी फेस आला. दादाने आणि शेजारच्या दोघांनी तुला खुर्चीत बसवून तीन जिने खाली आणलं. टॅक्सीत तुझे पाय माझ्या मांडीवर होते आणि बर्फासारखे गार होते. फुफ्फुसात पाणी भरलं होतं. चार दिवस ऑक्सिजनवर होतीस. ज्या शुक्रवारी तुझं ऑपरेशन व्हायचं होतं त्या शुक्रवारी ते झालं असतं, तर हे काहीच झालं नसतं. एवढा हिशोब मला टॅक्सीतच कळला होता.

ठरलेल्या दुसऱ्या तारखेला ऑपरेशन झालं. या खेपेला दादाने कुणावर विसंबायचं नाही असं ठरवलं होतं. तो पहिला गृहस्थ नुकतंच रक्त देऊन बसलेला, त्याचं पुन्हा चालणार नव्हतं. माझ्या फोनवरच्या ओळखीतून जुहूच्या एका हॉटेलातला आचारी आला, आणखी एक कॉलेजातला मुलगा मिळाला. नंदा अशक्त आहे, तिला नको, असं दादाच म्हणाला. मला कुणी विचारलं नाही, आणि कुणी विचारू नये म्हणून मी बोलले नाही. त्या आचाऱ्याने कोणासाठी रक्त दिलं हे त्याला कधी कळलंही नसेल. त्याचं नाव मी विचारलं नाही.

सकाळी आठला तुला आत नेलं आणि दुपारी तीनला डॉक्टर बाहेर आले. दुसऱ्या दिवशी काचेतून तुला पाहिलं. नाकातोंडात नळ्या, हात बांधलेले. डोळे उघडे होते. दादाने काचेवर हात ठेवला, तू बोटं हलवलीस. नळी काढल्यावर तुझा पहिला शब्द पाणी हा होता, आणि तेही मोजून चमच्याने द्यायचं होतं.

मी कंपनीतून महिन्याची रजा घेतली. तुला घरी आणल्यावर उशी मी धरायचे. खोकला आला की ती तुझ्या छातीशी दाबायची, तू दोन्ही हातांनी माझं मनगट पकडायचीस. गोळ्यांच्या वेळा मी भिंतीवर लिहून लावल्या. रक्त पातळ राहण्याची गोळी चुकवायची नाही, महिन्याला तपासणी, तीन आठवड्यांनी इंजेक्शन, पालेभाजी बेताची. घर शांत असलं की तुझ्या छातीतली झडप ऐकू यायची, बारीक टकटक. आई घाबरून देवाचं नाव घ्यायची, तू मात्र म्हणायचीस, चालू आहे ना, मग झालं. शेजारीपाजारी म्हणायचे, नणंद असावी तर अशी. तू ऐकायचीस आणि माझ्याकडे बघायचीस. त्या बघण्यात राग नसायचा, तो असता तर मला बरं वाटलं असतं.

टाके सुकल्यावर मी पहिल्यांदा तुझे केस धुतले. तू मोरीत पाटावर खाली मान घालून बसली होतीस. तुझा चेहरा दिसत नव्हता म्हणून मला धीर आला. मी म्हणाले, "वहिनी, त्या गुरुवारी मी…"

"पाणी जरा कोमट कर," तू म्हणालीस. "फार कढत आहे."

पाणी कोमटच होतं. मी तरी त्यात गार ओतलं. पुन्हा तो विषय काढायचा धीर झाला नाही, आणि तू काढू दिला नाहीस हे मी सोयीने धरून बसले.

सहा महिन्यांनी तपासणीला मी सोबत आले. डॉक्टर म्हणाले, झडप उत्तम चालते, पण हृदय आधीच बरंच ताणलं गेलं आहे, ते पूर्ववत होणार नाही, मूल होऊ द्यायचं नाही. मी विचारलं, ऑपरेशन तीन आठवडे आधी झालं असतं तर फरक पडला असता का. डॉक्टर म्हणाले, असं सांगता येत नाही. बाहेर रस्त्यावर आल्यावर तू माझ्यावर चिडलीस. पहिल्यांदाच. म्हणालीस, "असले प्रश्न डॉक्टरांना विचारत जाऊ नकोस. त्यांना काय माहीत."

मग मी बोरिवलीला गेले आणि तू बरी होत गेलीस. आईच्या शेवटच्या आजारात तूच तिचं सगळं केलंस. ती गेल्यावर तू दादापुढे टायपिंगच्या क्लासचा विषय काढलास. क्लास दुसऱ्या मजल्यावर होता. तू म्हणालीस, मी न थांबता चढते. पुढे नोकरी करायची म्हणत होतीस. दादा हो-नाही करत होता, त्याने मला बोलावलं. मी पोरीला कडेवर घेऊन आले आणि तुला उपदेश करू लागले. दगदग करू नकोस, घरात काय कमी आहे, गर्दीत धक्के बसतील. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "मग दुरुस्त कशाला केलंत मला?"

उत्तर नसलं की मी जे करते ते केलं. म्हणाले, "तुझ्यासाठी आम्ही काय काय केलंय ते आठव जरा."

मी. हे मी म्हणाले, वहिनी.

तू माझ्या पोरीच्या हातातलं बिस्किट खाली पडलं होतं ते उचललंस. म्हणालीस, "हो. सगळ्यांनी केलं." मग आत जाऊन चहा टाकलास.

क्लासला तू गेलीसच. दादा सांगायचा, हिची बोटं भराभर चालतात. मी त्या दिवसानंतर तीनचारदा आले, पण आपलं बोलणं वरवरचं राहिलं. टायपिंगचं मी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस.

मग एका दुपारी क्लासहून येऊन तू दादाच्या डब्याचं विचारत होतीस आणि शब्द अडखळला. उजवा हात खाली पडला. मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा तू डोळे मिटून होतीस. झडपेवरची गुठळी मेंदूत गेली, गोळ्या नेमाने घेतल्या तरी एखाद्याला असं होतं, असं डॉक्टर म्हणाले. तिसऱ्या दिवशी दादा औषधं आणायला खाली गेला आणि तुझ्यापाशी मी एकटी होते. ऐकू येत असेल, बोला, असं नर्स म्हणाली होती. मी तुझ्या कानाशी वाकले. पोरीला आणखी एक दात आला, अविनाशची बदली होणार आहे, गॅलरीतल्या तुळशीला पाणी घातलं आहे, हे सांगितलं. दादा परत येईपर्यंत हेच सांगत राहिले. संध्याकाळी तू गेलीस.

तेराव्याला पंगत उठल्यावर दादा तुझ्या भावाशी बोलत होता. मी आमटीचं भांडं उचलून आत चालले होते. तो माझ्याकडे बोट करून म्हणाला, "हिने शालूचं बहिणीसारखं केलं. पहिल्या वेळी रक्त द्यायला निघाली होती तर वाटेत फणफणली बिचारी. मी जरा चिडलो होतो तेव्हा, तर शालूच मला म्हणाली, मी स्वतः हात लावून पाहिलं, दोन दिवसांनीसुद्धा अंग भाजत होतं, तिला एक शब्द बोलू नका."

माझ्या हातातलं भांडं मी खाली ठेवलं.

तू दादाशी कधी खोटं बोलायची नाहीस. त्याच्यासमोर साखरेचा डबा लपवला तरी तुझं तोंड लाल व्हायचं. आणि हे मात्र तू सरळ सांगून टाकलंस आणि चार वर्षं सांभाळलंस.

दोन आठवडे मी कसेबसे काढले. मग एका रविवारी घाटकोपरला गेले. दादा तुझ्या उरलेल्या गोळ्या पाकिटात भरत होता, हॉस्पिटलात गरजू पेशंटला द्यायच्या म्हणून. मी त्याच्यासमोर बसले आणि सांगितलं. गुरुवार, बोर्ड, फोन, रविवार, थंड कपाळ, सगळं. तो गोळ्या भरत राहिला, मग थांबला.

"तिला माहीत होतं?"

"हो."

"पहिल्यापासून?"

"हो."

त्याने हातातलं पाकीट खाली ठेवलं. मग म्हणाला, "म्हणजे ती चार वर्षं माझ्याशी खोटं बोलली. तुझ्यासाठी." आणि पाकीट पुन्हा उचलून, "तू हे मला आज का सांगितलंस, नंदा? ती असताना सांगितलं असतंस तर मी तुला शिव्या दिल्या असत्या, आणि तिने मला गप्प केलं असतं. आता मी काय करू?"

मला वाटलं होतं, सांगितलं की मी मोकळी होईन. तो म्हणाला, काही दिवस येऊ नकोस.

जिना उतरताना मला ते कळलं, वहिनी, जे चार वर्षांत कळलं नव्हतं. मी समजत होते तू मला पाठीशी घातलंस. माझ्यावर तुझा जीव होता, हे खरं. पण तू ते दादासाठी केलंस. ऑपरेशनातून उठशील की नाही हे तेव्हा तुला माहीत नव्हतं, आणि हृदय किती ताणलं गेलं आहे हे डॉक्टरांनी पुढे तुझ्यासमोरच सांगितलं. मूल नव्हतं, पुढे होणारही नव्हतं. आई म्हातारी होती. तुझ्यामागे दादाला एकच माणूस उरणार होतं, ती मी. ती बहीण त्याला शाबूत मिळावी म्हणून तू ते खोटं बोललीस आणि मलाही खरं बोलू दिलं नाहीस. आणि तू गेल्यावर महिन्याच्या आत मी ते मोडून ठेवलं, माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून. तेव्हाही स्वतःपुरतंच पाहिलं होतं, आताही तेच केलं.

तुझ्याकडे माफी मागायला लिहायला बसले होते. पण माफी तर तू त्या रविवारीच, कुंकवाची डबी पुढे करताना देऊन टाकली होतीस. मला ती घेता आली नाही. मागायची आहे ती आता दादाकडे, आणि तो ती देईल की नाही मला माहीत नाही.

काल पुन्हा रविवार होता. येऊ नकोस म्हणाला होता तरी मी गेले. पोरीला अविनाशकडे ठेवलं, भात-आमटी केली, डबा घेतला. दार दोनदा वाजवलं. मग त्याने कडी काढली. दाढी वाढली होती. डब्याकडे त्याने पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. आत ये म्हणाला नाही. पण दारात अडून उभाही राहिला नाही. दार तसंच उघडं टाकून तो मागे वळला आणि जाऊन पलंगावर बसला.

मी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या.